जिना, भिंत आणि रेघ: ड्राफ्टिंग शिकायला कॉलेजात कशाला जायचं?

आजच्या भागाची ही लिहिलेली आवृत्ती. बोलताना झालेलं "म्हणजे, म्हणजे" काढून टाकलंय, आकडे नीट लिहिलेत, बाकी सगळं ऐकलंत तसंच आहे. बसमध्ये उभं राहून वाचणाऱ्यांसाठी खास.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तीन महिन्यांचा ऑटोकॅडचा क्लास केला की ऑफिसात काम मिळतं म्हणतात. मग आयटीआयला दोन वर्षं किंवा डिप्लोमाला तीन वर्षं कशाला घालवायची?"

प्रश्न अगदी रास्त आहे. घरी पैसे लवकर यायला हवे असतील तर दोन वर्षं हा लहान आकडा नाही. आणि हेही खरं, की फक्त क्लास केलेल्या मुलांना काम मिळतं. मी स्वतः आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल हा ट्रेड केला, मग डिप्लोमा केला, आणि आता पुण्यात एका ऑफिसात ड्रॉइंग काढते. त्यामुळे माझं माप एका बाजूला थोडं झुकणार, हे आधीच सांगून टाकते. पण "कॉलेज चांगलं असतं" असं नुसतं म्हणून मी सुटणार नाही. दोन-तीन उदाहरणं घेऊ, आणि तिथे नेमकं काय शिकवतात ते बघू. मग तुमचं तुम्ही ठरवा.

आधी एक जिना काढू

ऑटोकॅडमध्ये जिना काढणं सोपं आहे. एक रेघ काढा, अॅरे मारा, दहा रेघा तयार. तीन मिनिटांचं काम. आता हाच जिना आमच्या वर्गात कसा शिकवला ते सांगते.

सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं: एका मजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतची उंची ३००० मिलिमीटर. (आमच्याकडे सगळं मिलिमीटरमध्ये. साइटवर मात्र गवंडी फूट-इंचात बोलतात आणि खडी-वाळू ब्रासमध्ये येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ही तिन्ही भाषा डोक्यात एकदम चालवाव्या लागतात.) पायरीची उंची, म्हणजे रायझर, १५० धरला तर ३००० भागिले १५० म्हणजे २० रायझर. मध्ये लँडिंग घेऊन वळणारा जिना असेल तर प्रत्येक बाजूला १०. आता पाय ठेवायची जागा, म्हणजे ट्रेड, किती? १० म्हणालात तर चुकलात. १० रायझरच्या मध्ये ट्रेड ९ येतात, कारण दहावं पाऊल थेट लँडिंगवर पडतं. एक ट्रेड २५० चा, म्हणून ९ गुणिले २५०, झाले २२५०. त्यात मधलं लँडिंग १२०० आणि मजल्यावरची मोकळी जागा १२००. जिन्याच्या खोलीची आतली लांबी झाली ४६५०. रुंदी म्हणजे १२०० च्या दोन बाजू आणि मध्ये १०० ची फट, एकूण २५००.

इथपर्यंत नववीचं गणित आहे. क्लासमध्येही हे कुणी तरी सांगेल. खरी गंमत पुढे आहे.

तुम्ही कधी एखाद्या जुन्या सोसायटीचा जिना चढताना अगदी शेवटच्या पायरीला ठेचकाळलाय का? किंवा उतरताना तळाशी पाय अचानक लवकर टेकला आणि दणका बसला असं झालंय? आपण म्हणतो, लक्ष नव्हतं. बऱ्याचदा लक्ष असतं. पायरीच वेगळी असते. पायाला दोन-तीन पायऱ्यांनंतर उंचीची सवय होते आणि पुढच्या पायऱ्या तो डोळ्यांना न विचारता चढतो. एकच पायरी दोन-अडीच सेंटिमीटरनं जरी वेगळी असली तरी तो फसतो.

पायरी वेगळी कशी होते? ड्रॉइंगमध्ये तर सगळ्या १५० च्या काढलेल्या असतात. समजा काँक्रीट ओतताना सगळ्या पायऱ्या बरोब्बर १५० च्या केल्या. नंतर फरशीवाला आला. खोलीत आणि पॅसेजमध्ये खाली मसाल्याचा थर आणि वर टाइल्स, मिळून ७५ मिलिमीटर चढले. जिन्याच्या पायऱ्यांवर मात्र मसाला आणि कोटा मिळून २५ च. आता हिशोब करा. पहिल्या पायरीच्या पायथ्याची जमीन ७५ नं वर आली, पायरी २५ नंच वर आली. पहिली पायरी उरली १०० ची. शेवटी उलटं: वरच्या मजल्याची जमीन ७५ नं वर गेली, तिच्या खालची पायरी फक्त २५ नं. शेवटचा रायझर झाला २०० चा. मधल्या सगळ्या १५० च्याच. पहिली बुटकी, शेवटची उंच. आजीला ठेच लागते ती तिथेच.

उपाय ड्रॉइंगमध्येच आहे. काँक्रीटच्या वेळीच पहिली पायरी २०० ची आणि शेवटची १०० ची ओतायची, म्हणजे फरशी बसल्यावर सगळ्या १५० वर येतात. त्यासाठी जिन्याच्या सेक्शनमध्ये दोन लेव्हल लिहायच्या: काँक्रीटची आणि फरशीनंतरची. दोनच आकडे. पण ते लिहायला त्या माणसाला फरशी कशी बसते, तिच्याखाली काय असतं आणि कोण आधी येतं, सेंटरिंगवाला की फरशीवाला, हे सगळं माहीत हवं. ऑटोकॅडच्या कुठल्याही कमांडमध्ये हे नाही. हे शिकवणाऱ्या विषयाचं नाव बिल्डिंग कन्स्ट्रक्शन, आणि हा पेपर बहुतेक पोरांना रटाळ वाटतो. मला तरी अख्ख्या कोर्समधला सगळ्यात कामाचा तोच वाटला.

सेक्शन म्हणजे काय, तर इमारत सुरीनं उभी कापली तर आत काय दिसेल ते चित्र. प्लॅन सगळ्यांना जमतो, कारण तो फ्लॅटच्या जाहिरातीतही बघायला मिळतो. सेक्शनला मुलं घाबरतात, कारण तिथे लपवता येत नाही. संडास-बाथरूमचा स्लॅब बाकी स्लॅबपेक्षा खाली घेतलाय का, त्यात ब्रिकबॅट कोब्याला जागा आहे का, पाइपला उतार मिळतो का, दाराच्या वर लिंटेल कुठे आहे, जिन्याखालून जाताना डोकं आपटतं का, हे सगळं तिथे उघडं पडतं. एखाद्या मुलाला किंवा मुलीला काम येतं का हे बघायचं असेल तर मी प्लॅन मागत नाही, बाथरूममधून कापलेला सेक्शन मागते.

दोन रेघा आणि मागची माती

आता जरा गंभीर उदाहरण. पुण्यातलंच आहे.

२९ जून २०१९, शनिवारची पहाट व्हायची होती. कोंढव्यात जोराच्या पावसानंतर एका सोसायटीची कंपाउंड वॉल शेजारच्या खालच्या प्लॉटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. झोपेत असलेली १५ माणसं गेली. त्यात लहान मुलंही होती. बिहारमधून पुण्यात इमारती बांधायला आलेली कुटुंबं होती ती. पुढे चौकशा झाल्या, गुन्हे दाखल झाले. दोष कुणाचा हे ठरवायचं काम माझं नाही आणि मी त्यात पडत नाही. त्या बातमीनंतर एक साधी गोष्ट सगळ्या ड्रॉइंगवाल्यांनी पुन्हा आपापल्या शीटवर तपासायला हवी होती, ती सांगते.

प्लॅनमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. कंपाउंडची भिंत काढा, दोन रेघा. माती अडवणारी भिंत काढा, म्हणजे रिटेनिंग वॉल, तरी दोनच रेघा. वरून बघितलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. पण कंपाउंड वॉलचं काम फक्त उभं राहणं. वारा सोसायचा, स्वतःचं वजन पेलायचं. रिटेनिंग वॉलच्या मागे माती असते आणि ती माती चोवीस तास ढकलत असते. किती ढकलते? उंची दुप्पट केली तर ढकल चौपट होते, आणि भिंतीला तळातून उलथवणारा जोर आठपट. म्हणजे ५ फुटांची भिंत टिकली म्हणून तशीच १० फुटांची बांधली, तर ती दुप्पट अवघड झालेली नसते, आठपट झालेली असते.

त्यात पाणी. कोरडी माती थोडी तरी एकमेकांना धरून, घासून राहते. मागे पाणी साठलं की ते सरळ ढकलतं. भिंतीवरचा दाब दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. म्हणून रिटेनिंग वॉलला भोकं ठेवतात. वीप होल म्हणतात त्यांना. डोंगरातल्या घाटरस्त्याच्या कडेला दगडी भिंतीतून पावसाळ्यात पाण्याच्या धारा सुटलेल्या दिसतात ना, त्या गळती नाहीत. भिंत त्यांच्याचमुळे उभी आहे. भोकांच्या मागे खडीचा थर भरायचा, नाहीतर चिखलानं ती बुजतात.

पुणं टेकड्यांचं शहर आहे. कात्रज, कोंढवा, बावधन, सूस, धायरी, कुठेही जा. प्लॉट उतारावर, शेजारचा प्लॉट खाली. सुरुवातीला साधी कंपाउंड वॉल असते. नंतर कुणी तरी पार्किंग सपाट करायला आतून भराव टाकतं. भिंत तीच, कागदावरच्या रेघा त्याच, पण भिंतीचं काम बदललेलं असतं. हे कोण पकडणार? ज्यानं दोन्ही बाजूंच्या जमिनीच्या लेव्हल ड्रॉइंगवर मागितल्या तो. "सर, आतली लेव्हल प्लस २४००, बाहेरची शून्य, मग ही कंपाउंड वॉल कशी?" एवढा प्रश्न विचारणारा पोरगा ऑफिसात असणं, यासाठी दोन वर्षं घालवायची. भिंतीचं डिझाइन करायचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे, ड्राफ्ट्समनचं नाही. पण डिझाइन लागणार आहे हे पहिल्यांदा दिसतं ते ड्रॉइंग काढणाऱ्याला.

असंच गॅलरीचं. भिंतीबाहेर आलेल्या गॅलरीत किंवा छज्ज्यात मुख्य सळई वरच्या बाजूला असते. आतल्या खोलीच्या स्लॅबमध्ये मधोमध ती खालच्या बाजूला असते. साइटवर काँक्रीट ओतताना माणसं त्याच सळयांवरून चालतात. वरची सळई दाबली जाऊन खाली बसली, की गॅलरीचं बळच गेलं, आणि वरून प्लास्टर झाल्यावर कुणालाही कळणार नाही. म्हणून सळईखाली उभ्या करायच्या लोखंडी चेअर ड्रॉइंगमध्ये काढाव्या लागतात, किती अंतरावर ते लिहावं लागतं. न काढलेली चेअर साइटवर कुणी आपणहून ठेवत नाही, ठेवलीच तर तुमचं नशीब.

मग दोन वर्षांत करतात तरी काय?

आयटीआयच्या ट्रेडचा अभ्यासक्रम ऐकायला जुनाट वाटतो. सुरुवात अक्षरांपासून. खरंच, बाराखडी गिरवल्यासारखी अक्षरं आणि आकडे गिरवायचे. मग रेघांचे प्रकार: सलग, तुटक, टिंब-रेघ. मग विटांचे बाँड. इंग्लिश बाँड, फ्लेमिश बाँड. एका थरातला सांधा वरच्या थरातल्या सांध्यावर येता कामा नये, आणि कोपऱ्यात हे जमवायला अर्धी-पाव वीट कुठे घालायची. पुढे दारं, खिडक्या, जिने, छपराच्या कैच्या, सर्व्हे, एस्टिमेट, सळयांचं शेड्यूल, आणि हो, ऑटोकॅडही. ते शिकवतातच.

पहिले काही महिने मिनी ड्राफ्टर आणि पेन्सिल. अप्पा बळवंत चौकातून ड्रॉइंग शीट, ए२ ची ट्यूब, सेट स्क्वेअर घ्यायचे आणि ती ट्यूब पाठीला लावून पीएमटीमध्ये कुणाच्या तरी डोळ्यात जाणार नाही असं उभं राहायचं. (पीएमपीएमएल म्हणायला हवं, माहितीये. जिभेला सवय नाही.) "कॉम्प्युटरच्या जमान्यात पेन्सिल कशाला" हा प्रश्न आम्हीही विचारला. उत्तर मला नंतर ऑफिसात मिळालं. स्क्रीनवर झूम करता येतं, म्हणून तिथे सगळंच मोठं आणि सगळंच बरोबर दिसतं. कागदावर १:१०० च्या स्केलला अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे प्रत्यक्षात ५ सेंटिमीटर. रेघेची जाडी स्वतःच एवढी! म्हणून साइटवर पट्टी लावून ड्रॉइंगवरून माप काढायचं नसतं, लिहिलेला आकडाच वाचायचा. हे वाक्य प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात छापलेलं असतं आणि ते का असतं, हे हातानं रेघ ओढल्यावर डोक्यात बसतं.

माझा आवडता भाग म्हणजे मेझर्ड ड्रॉइंग. जुनी वास्तू टेपनं मोजायची आणि कागदावर आणायची. पुण्यात त्याला काय तोटा! विश्रामबागवाडा आहे, पेठांमधले उरलेसुरले वाडे आहेत. पहिल्यांदा वाडा मोजायला गेलं की सगळ्या पोरांचं एकच होतं: खोलीच्या चार भिंती मोजतात, घरी येऊन काढायला बसतात आणि चौथा कोपरा जुळतच नाही. कारण खोली काटकोनात नसतेच. म्हणून कर्ण मोजायचे, दोन्ही. चार बाजूंच्या जोडीला कर्ण मिळाले की खोलीचा खरा आकार पक्का होतो आणि भूमितीतल्या त्रिकोणांचा पहिल्यांदाच काही तरी उपयोग झाल्यासारखा वाटतो.

वाड्यात अजून एक शिकायला मिळतं. तिथे मापं फुटांत सुचत नाहीत, खणात सुचतात. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. अमुक खणांची खोली, तमुक खणी माजघर. लाकूड किती लांब मिळतं आणि किती पेलतं यावरून खण ठरायचा, खणावरून खोली, खोल्यांवरून चौक. आज आपण कॉलमच्या ग्रिडपासून सुरुवात करतो, तीच ही गोष्ट. ग्रिड आधी, भिंती नंतर. जी मुलं भिंतींपासून सुरुवात करतात त्यांचे कॉलम नंतर हॉलच्या मधोमध उगवतात.

आणि साइट. साइटवर लाइनआउट बघितल्याशिवाय ड्रॉइंगला मापं कशी द्यायची ते कळत नाही. जमिनीवर दोरी बांधतात, चुन्याची फक्की मारतात, काटकोन ३-४-५ नं तपासतात: एका बाजूला ३, दुसरीला ४, तिरकं ५ आलं तर कोपरा गुण्यात. आता तुम्ही कॉलमची मापं एकापुढे एक अशी साखळीनं दिलीत आणि दर वेळी टेप ५ मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर दहाव्या कॉलमपर्यंत ५ सेंटिमीटरचा घोळ होऊ शकतो. म्हणून एका टोकापासूनची धावती मापंही द्यायची. उन्हात टेपचं दुसरं टोक धरून उभं राहिलेल्या मुलीला हे पुन्हा सांगावं लागत नाही.

पुण्यात हे नवं नाही

एक जुनी गोष्ट सांगते, मला मजेशीर वाटते. आज सीओईपी म्हटलं की आपल्याला कटऑफ आठवतो, टॉपर आठवतात. पण ते कॉलेज १८५४ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल, आणि हेतू होता सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसं तयार करणं. इमारती, कालवे, रस्ते, पूल यांच्यासाठी मोजणारे, आखणारे, देखरेख करणारे. म्हणजे आपणच की! त्याच कॉलेजातून पुढे विश्वेश्वरय्या शिकून गेले आणि १९०३ मध्ये त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा बसले ते आपल्या खडकवासल्याला. पुढे डिप्लोमा पातळीवर वाडियांची कुसरो वाडिया इन्स्टिट्यूट १९३८ ला आली, शिवाजीनगरचं शासकीय तंत्रनिकेतन १९५७ ला. आयटीआय औंधला आहे. मुलींसाठी आर्किटेक्चरचं वेगळं कॉलेज, कर्वेनगरचं भानुबेन नानावटी, १९९४ पासून आहे.

रस्ते कसे आहेत ते पटकन सांगते. दहावीनंतर आयटीआय ड्राफ्ट्समन सिव्हिल, दोन वर्षं. दहावीनंतरच सिव्हिलचा डिप्लोमा, तीन वर्षं, एमएसबीटीईचा किंवा स्वायत्त तंत्रनिकेतनाचा स्वतःचा. आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि डिप्लोमावाल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे आयटीआय ही बंद गल्ली नाही, हे घरच्यांना नक्की सांगा. बऱ्याच घरांत तसं समजतात. बी.आर्क. हा वेगळा रस्ता: बारावीनंतर प्रवेश परीक्षा आणि पाच वर्षं. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार कौन्सिलकडे नोंदणी नसलेल्यानं स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. डिप्लोमा करून कार्डावर "आर्किटेक्ट" छापणारे दिसतात, तसलं काही करू नका.

आता क्लास विरुद्ध कॉलेज या वादातला सगळ्यात रोकडा मुद्दा. महाराष्ट्रात २०२० पासून बांधकामाची जी एकत्रित नियमावली आहे, यूडीसीपीआर, तिच्यात महापालिकेकडे नकाशे घेऊन जायला कोण पात्र याची यादी आहे. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि त्यांच्या खाली सुपरवायझर. लहान प्लॉटवरच्या लहान घरांपुरतं सुपरवायझरचं लायसन्स सिव्हिल डिप्लोमावाल्याला मिळू शकतं, आणि ठरावीक वर्षांचा अनुभव असेल तर आयटीआयच्या ड्राफ्ट्समनलाही. तीन महिन्यांच्या क्लासचं सर्टिफिकेट त्या यादीत नाही. सरकारी जाहिरातींमध्ये आरेखक आणि अनुरेखक अशी पदं दिसतात, तिथेही तेच. (अनुरेखक म्हणजे ट्रेसर. ट्रेसिंग पेपर गेला, अमोनिया प्रिंट गेली, पण पदाचं नाव आहे तसंच आहे.) क्लास करून दार उघडतं, खोटं नाही. पण चार-पाच वर्षांनी वरच्या खुर्चीचा विषय निघाला की कागद मागतात, आणि तेव्हा वय, घर, हप्ते यांतून पुन्हा शिकायला जाणं फार कमी जणांना जमतं. मी आजूबाजूला हे बघितलंय. हाताला वेगवान, स्वभावानं चांगली माणसं दुसऱ्याच्या सहीचे नकाशे काढत राहतात.

ज्यांना खरंच लगेच कमवायचंय त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे: आयटीआयला प्रवेश घ्या, दुसऱ्या वर्षात एखाद्या ऑफिसात अर्धा वेळ जा. पगार किरकोळ असेल. पण महापालिकेच्या नकाशात पाडायचं काम पिवळं आणि नवीन काम लाल का रंगवतात, ड्रॉइंगवर आर-१, आर-२ असे रिव्हिजन का लिहितात, "जीएफसी" म्हणजे गुड फॉर कन्स्ट्रक्शनचा शिक्का बसल्याशिवाय प्रिंट साइटवर का जाऊ द्यायची नाही, हे तिथेच कळतं. एका साइटवर जुनं रिव्हिजन भिंतीला चिकटवलेलं राहिलं आणि खिडकी जुन्या जागी फुटली, हे मी पाहिलेलं आहे. ती बुजवायला दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसांची मजुरी कुणी द्यायची यावर आठवडा गेला.

एआयबद्दल विचाराल. विचाराच. पुण्याच्याच एका कंपनीनं केलेलं ऑटोडीसीआर हे सॉफ्टवेअर ड्रॉइंगच्या लेअर वाचून नियमात बसतं का ते तपासतं, आणि ते येऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हाही म्हणाले होते, आता माणसं लागणार नाहीत. झालं असं की लेअर नीट न लावलेली ड्रॉइंग परत यायला लागली आणि नीट लावणाऱ्याची किंमत वाढली. पुढची यंत्रं रेघा अजून भराभर काढतील, यात मला शंका नाही. नुसत्या रेघा ओढणाऱ्याचं काम कमी होईल असं माझं मत आहे. पण बाहेरच्या प्लॉटची लेव्हल मोजून कुणी आणली नसेल, तर भिंतीमागे माती आहे हे यंत्राला तरी कसं कळणार?

तर, आजचं काम. घरातली एक पट्टी किंवा टेप घ्या आणि आपल्या इमारतीच्या जिन्यातली पहिली, मधली एखादी आणि शेवटची अशा तीन पायऱ्यांची उंची मोजा. मिलिमीटरमध्ये. कमेंटमध्ये तीन आकडे टाका, सोबत इमारत साधारण किती जुनी आहे ते लिहा, पत्ता नको. पुढच्या भागात आपण ते आकडे घेऊन बसू आणि कुणाच्या फरशीचा थर किती असेल याचा अंदाज बांधू. शेवटची पायरी मोजताना खाली नीट बघा हं.